पेटीपुढचा भात

हर्णे सोडताना मी नावाला खलाशी होतो. खरे काम दादाचा ठाव काढायचे. माझा हा थोरला भाऊ तापाने फणफणला तेव्हा त्याला हाँगकाँगला उतरवून बोट पुढे गेली, आणि काही महिन्यांनी तो गेल्याचा निरोप आला. आम्ही पिंड ठेवला, सुचतील ती वचने दिली, पण कावळा शिवला नाही. तेव्हापासून वयनी कुंकू पुसायला तयार नव्हती.

"कावला शिवला न्हाय, म्हंजे ते हायत," म्हणायची आणि बंदराकडे डोळे लावून बसायची.

हाँगकाँगला धुके इतके होते की गाव आहे की नुसता डोंगर, तेच कळेना. गोदीवर दाभोळचे हसनचाचा पहारेकरी होते. माझी बोली ऐकून त्यांनी मिठीच मारली. मी दादाचे सगळे सांगितले.

"बेवारशी मानसाला हितं कोन टाकून देत न्हाय. चल, दावतो," ते म्हणाले.

डोंगरउतारावर बौद्ध भिक्षुणींचा आश्रम होता. अंगणात गोरगरिबांना पेज वाढत होते. मलाही पेज आणि दाउफू (सोयाबीनचे पनीर) मिळाले. बांगडा आठवत गिळले. मागे लांबलचक कोठी होती. आत ओळीने शवपेट्या आणि प्रत्येकीपुढे उदबत्ती नि भाताची वाटी. घरचे माणूस येईपर्यंत पेटी सांभाळायची, रोज भात ठेवायचा, हा त्यांचा धर्म. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

एका पेटीवर वयनीने शिवलेली पानसुपारीची चंची होती. मी ती उचलून उराशी धरली. मग वाटीकडे लक्ष गेले. वाटीबाहेर, उजव्या अंगाला, भाताचा एक घास काढून ठेवला होता.

"हा कोणी ठेवला?" मी विचारले.

म्हातारी भिक्षुणी हळू काही बोलली. चाचांचा आवाज खाली गेला.

"ती म्हनते, आमी न्हाय. रोज पुसतो, रोज आसतो. फकस्त ह्याच पेटीफुडं."

दादा घरी जेवताना असाच घास बाजूला काढायचा. कावळ्याचा, असे आम्ही समजायचो.

आमच्यात जाळतात हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. सांगितल्यावर त्यांनी सगळी व्यवस्था केली. निघताना भिक्षुणीने एवढेच मागितले की, शेजारच्या पेटीला कोणी नाही, तिचा आजचा भात मी वाढावा. मी वाढला.

अस्थी घेऊन घरी आलो. चंची बघून वयनी रडली नाही.

"चंची काय, चोरीला बी जाते."

मग मी घासाचे सांगितले. तिचा चेहराच उतरला.

"कंच्या अंगाला?"

"उजव्या."

"भावजी, तो कावल्याचा नव्हं. नवी नवरी हुते तवा माज्यासाठी हंडीत काय उरायचं न्हाय. तो माजा घास, उजव्या अंगाला काढून ठेवायचे."

तिने पदराने कुंकू पुसले. परक्यांनी वाढलेल्या भातातूनही दादा हिचा घास काढत होता, या विचाराने मला रडू आवरेना.

किनाऱ्यावर पुन्हा पिंड ठेवला. कावळे माडांवर गप्प बसून होते. ऊन चढले, तरी एकही हलेना. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. पण वयनी पुढे आली, वाळूत बसली आणि पदराखाली झाकून आणलेला भात सर्वांदेखत खाऊ लागली. म्हातारी माणसे ओरडली. तिने ऐकले नाही.

"मी जेवले," ती पिंडाकडे बघून म्हणाली. "आता तुमी जेवा."

तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत कावळा उतरला.