चिखलात किती टिकेल

मिस्त्रीला माणसं तोंडावरून ओळखता येत नसत. दोष थोडा डोळ्यांचा होता, पण जास्त सवयीचा. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की याची नजर सरळ खाली, चाकांवर. वाकड्या मडगार्डची बाई, सारखी चेन पाडणारा शिंपी, ब्रेक न दाबता पाय घासत थांबणारे आजोबा, अशी सगळ्या वस्तीची हजेरी त्याच्या डोक्यात होती. एकदा सख्खा साडू बाजारात समोर येऊन उभा राहिला, तर हा त्याला वळसा घालून पुढे गेला, आणि कोपऱ्यावर साडूची सायकल दिसल्यावर धावत परत आला. साडूने ही गोष्ट तिखटमीठ लावून चार घरी सांगितली. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मिस्त्रीला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. वर पत्रा, पुढे काम, मागे एक खोली. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि बायकोचा एक फोटो. बायको होती तोवर दुकानातलं बोलणं तिच्याकडे होतं. हा मान खाली घालून पान्हा फिरवायचा आणि ती गिऱ्हाइकाला बसवून घेऊन त्याच्या घरातली खडान्‌खडा माहिती काढायची. "अहो, ऐकताय का, यांच्या मुलीचं ठरलं," असं ती याला मधूनच सांगायची, आणि हा "हं" म्हणायचा. संसार या "हं"वर उत्तम चालला होता. ती गेली आणि दुकानात नुसती हत्यारं वाजायला लागली. लोक यायचे, सायकल भिंतीला टेकवून "संध्याकाळी नेतो" म्हणायचे आणि जायचे. त्यांचंही बरोबरच होतं. जो माणूस तोंडाला कुलूप लावून बसतो, त्याच्यासमोर किती वेळ उभं राहणार?

मुलगी लांबच्या शहरात होती. तिचा रविवारी फोन यायचा.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"तब्येत?"

"बरी आहे."

मग ती तिच्या घरचं सांगायची. तेही लवकर संपायचं. शेवटी ती म्हणायची, "बरं, ठेवते." फोन ठेवल्यावर मिस्त्रीला सांगायच्या पाच-सहा गोष्टी आठवायच्या, पण तोवर रविवार गेलेला असायचा.

अशा माणसाच्या दुकानात आरोग्य केंद्राची नर्स यायची. तिची फिरती कालव्यापलीकडच्या वस्त्यांवर. कालव्याच्या काठाने जो रस्ता गेला होता, त्याला रस्ता म्हणणं म्हणजे त्याची थट्टाच होती. काळा, चिकट, घोट्यापर्यंत चिखल. मोटार रुतायची, स्कूटर घसरायची, म्हणून केंद्राने सायकल दिलेली. मागे औषधांची पत्र्याची पेटी. निम्मा रस्ता नर्स सायकलवर आणि उरलेला रस्ता सायकल नर्सवर, असा त्यांचा प्रवास चाले.

त्या चिखलाचं पाणी सायकलच्या पोटात शिरायचं. दोन्ही पायडलच्या मधोमध जो आडवा दांडा फिरतो, तो मधला एक्सल. त्याच्या दोन्ही बाजूंना ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते वर्षानुवर्षं कुणाला दिसतसुद्धा नाहीत. चिखलात मात्र बारीक रेती आत जाते, ग्रीसमध्ये कालवली जाते, आणि मग प्रत्येक पायडल मारताना छर्रे स्वतःलाच घासून खातात. आधी कुईकुई, मग कटकट, मग पायडल डगमगायला लागतं. पावसाळा निम्मा व्हायच्या आत नर्सची कटकट सुरू झालेली असायची आणि मिस्त्रीला ती कालव्याच्या वळणापासून ऐकू यायची. ती ऐकली की तो स्टूल पुसून ठेवायचा.

नर्स बसली की बोलायला लागायची. कुणाचं बाळ पायाळू होतं, कुठल्या म्हातारीने औषध कोंबडीला पाजलं, तिच्या स्वतःच्या आईने शेजारणीशी कसं भांडण उकरून काढलं. ती हातवारे करून सांगायची, मधे स्वतःच हसायची. मिस्त्री "हं" म्हणायचा. पण ते "हं" तो फार मनापासून म्हणायचा, आणि एकेक छर्रा रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, उजेडात धरून असा काही निरखायचा, की एखाद्या सोनाराला लाज वाटावी. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळाचं काम तो दुपारभर पुरवायचा.

मुलीनेच एकदा फोनवर सांगितलं, "बाबा, आता बंद बेअरिंग मिळतात. दोन्ही बाजूंनी रबर, आत पाणीच जात नाही. तुम्ही अजून छर्रे काय पुसत बसता?" मिस्त्रीला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, तसं एक बेअरिंग, नर्सच्या सायकलच्या मापाचं, त्याने आणून खणात ठेवलं होतं. ठेवलं होतं आणि बसवलं नव्हतं. हात तिकडे गेला की तो खण परत लोटून द्यायचा. हे बसवलं की ती यायची नाही, एवढा साधा हिशोब होता.

मग एक दिवस नर्सनेच विचारलं.

"मिस्त्री, ते बंद डब्यातलं बेअरिंग असतं म्हणे. आमच्या गाडीला बसेल का?"

"नाही बसत," मिस्त्री मान खाली घालून म्हणाला. "आटे वेगळे आहेत."

आटे अजिबात वेगळे नव्हते. आयुष्यात कामाबद्दल तो खोटं बोलला नव्हता, आणि बोलला ते असं, की समोरच्या बाईने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

त्याच पावसाळ्यात ते अंगाशी आलं. छर्रे फुटून एक्सल कालव्याच्या काठावर मधोमध अडकला. पुढच्या वस्तीवर एक बाळंतीण तापाने फणफणत होती. नर्सने पेटी डोक्यावर घेतली, सायकल खांद्याला अडकवली आणि चिखलातून चालत निघाली. पोचली, बाळंतिणीचं निभावलं, पण वाटेत पाय घसरून मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशी ती पट्टी बांधलेल्या हाताने सायकल ढकलत दुकानात आली.

"चुकलंच माझं, वेळेवर आणायला हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार? चिखलच मेला तसला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मिस्त्रीने खण उघडला आणि बंद बेअरिंग बसवलं. झटकन बसलं. नर्स बघत राहिली.

"अय्या, बसलं की हो! आटे वेगळे होते ना?"

"जुळवले," मिस्त्री म्हणाला. एक खोटं झाकायला दुसरं.

"आता किती टिकेल?"

"बरंच." मग हा माणूस कधी नव्हे ते लांब बोलला. "चिखलाला भिऊ नका. पाइपने जोरात पाणी मारून मात्र धुऊ नका. चिखल रबराशी थांबतो, पाइपचं पाणी आत घुसतं. फडक्याने पुसा."

"बरं," नर्स म्हणाली, आणि सायकल एवढासाही आवाज न करता गेली.

त्यानंतर ती आली नाही. येणार तरी कशाला? वळणावरून जाताना घंटी वाजवून हात करायची, हा इकडून पान्ह्यासकट हात वर करायचा, झालं. पूर्वी कटकट ऐकून कळायचं, आता सायकल मांजरासारखी निघून जायची. म्हणून मिस्त्रीने आपलं बसायचं पोतं उचलून वळण दिसेल अशा बाजूला टाकलं. तिथे ऊन तोंडावर यायचं, काम करताना हाताची सावली पडायची. शिंप्याने विचारलं, "मिस्त्री, जागा का बदलली?" तर म्हणाला, "वारा येतो." हिवाळा गेला, उन्हाळा गेला.

पाऊस पुन्हा सुरू होत होता त्या सुमाराला नर्स एकदा दुकानात आली. चालत. मिस्त्रीने तिच्या मागे बघितलं, बाजूला बघितलं.

"सायकल कुठाय?"

"केंद्रावर आहे."

"बिघडली?"

"छे हो, मस्त चालते."

"मग?"

हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता. हातात कुणाचं तरी चाक होतं, आणि सायकलशिवाय आलेल्या माणसाशी काय बोलतात, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याने चाकाला एक गिरकी दिली आणि आरे बघायला लागला.

"काही नाही," नर्स म्हणाली. "कामात दिसताय. येते हं मिस्त्री."

ती गेल्यावर मिस्त्रीने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की तेवढे शब्द तो वर्षभरात बोलला नसेल. स्टूल पुढे करायला काय धाड भरली होती? त्याने ठरवलं, आता बेअरिंग जाईल तेव्हा ती येईल, आणि ती आली की सगळं सांगायचं. रोज कामाच्या नादात तो वाक्यं जुळवायचा, मोडायचा, परत जुळवायचा. वळणावर पावसात पिवळा रेनकोट दिसायचा, मागे पत्र्याची पेटी. हा हात वर करायचा. रेनकोटवाला हात वर व्हायचा. त्या हातावर मिस्त्रीचा पुढचा सगळा दिवस निघायचा.

आणि एका दुपारी, पाऊस पत्र्यावर नुसता थयथयाट करत असताना, सायकल दारात आली. पायडल डगमगत होतं. मिस्त्रीने पेटी ओळखली, हँडलची वाकलेली घंटी ओळखली. रेनकोट पागोळ्यांखाली वाकून बूट खरवडत होता. याने सायकल आत ओढली, दाराकडे पाठ केली, पायडलचा क्रँक सोडवायला घेतला आणि आता नाही तर कधीच नाही, अशा जोरावर बोलायला लागला.

"तुम्ही बसा. मला एक सांगायचंय. आटे वेगळे नव्हते. मी खोटं बोललो. हे बेअरिंग माझ्याकडे आधीपासून होतं. बसवलं असतं तर तुमचा हात मुरगळला नसता. पण बसवलं की तुम्ही येणार नाही, म्हणून मी ठेवून दिलं. तुम्ही बोलता ना, ते मला फार बरं वाटतं. बायको गेल्यापासून या दुकानात कुणी बसून बोललं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही चालत आलात, तेव्हा मला तुम्हाला बसा म्हणायचं होतं. सुचलं नाही. तुम्ही रागवा, हवं तर."

मागे बूट खरवडायचा आवाज थांबला होता. मिस्त्रीचे हात चालूच होते. बेअरिंग बाहेर आलं. रबर फाटलेलं, आतलं ग्रीस पाण्याने पांढरं पडून दुधासारखं झालेलं. चिखलाचा कण नाही. तो थबकला.

"पाइपने धुतली?"

"हो," मागून आवाज आला. "मग कशाने धुवायची?"

आवाज वेगळाच होता. मिस्त्री वळला. दारात एक कोवळी मुलगी उभी होती. चष्म्यावर पाणी, हातात काढलेला रेनकोट.

"तुम्ही मघाशी ते... आधीच्या सिस्टरना सांगत होतात ना?" तिने हळूच विचारलं. "मधे थांबवायला हवं होतं मी. मला कळेना कसं थांबवावं."

"त्या कुठायत?"

"त्यांची बदली झाली. पाऊस सुरू झाला तेव्हाच. मी त्यांच्या जागेवर आले. तुम्हाला सांगायला आल्या होत्या म्हणाल्या. पण तुम्ही कामात होतात."

मिस्त्री पोत्यावर बसला. फाटलेलं बेअरिंग अजून हातातच होतं. निरोप घ्यायला आलेल्या बाईला आपण "मग?" म्हणालो, हे एकदा, दोनदा, कितीदा तरी त्याच्या डोक्यातून गेलं.

"मग मी रोज हात करतो ते..."

"मलाच करत होतात," मुलगी म्हणाली. "इथे माझ्या ओळखीचं कुणीच नाही. खोलीवर जाते, झोपते, परत चिखलात. मला वाटायचं, चला, या गावात एक माणूस तरी आपल्याला ओळखतो."

पत्र्यावरचा आवाज थोडा कमी झाला. मिस्त्रीने खणातून नवं बेअरिंग काढलं. आटे पहिल्याच फेऱ्यात बरोबर धरले गेले. मुलगी उभीच राहिली, कारण मघाचं "तुम्ही बसा" तिच्यासाठी नव्हतं. काम लवकर झालं. या वेळी त्याने ते लांबवलं नाही.

"हे किती टिकेल?" तिने सायकल हातात घेत विचारलं.

"पाइपने धुतली नाही, तर दोन पावसाळे. जास्तच."

"मधे एकदा दाखवायला आणू का?"

आणा, म्हणणं किती सोपं होतं. ओठांवर आलंही होतं.

"नको," मिस्त्री म्हणाला. "मधे त्यात बघण्यासारखं काही नसतं." मग पान्हा खाली ठेवून म्हणाला, "पण तुम्ही या."

"कशाला?" तिने विचारलं. उर्मटपणे नाही, खरंच कळलं नाही म्हणून. ती रेनकोट चढवत होती.

मिस्त्रीने खण बंद केला. जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं मघाशीच दुसऱ्या कुणासाठी खर्च झाली होती.

"मला बोलायला कुणी नाही," तो म्हणाला.

एक बाही घातलेली, एक लोंबकळणारी, अशी ती मुलगी तिथेच उभी राहिली.