तळमजल्यावरच्या काकांचा कातळ

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका हट्टी माणूस अख्ख्या बेलापुरात झाला नाही, पुढे होईल असंही वाटत नाही. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून निवृत्त झालेला हा साताऱ्याकडचा गृहस्थ एका दगडाच्या प्रेमात पडला होता. आमची सोसायटी डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या बाजूला, इमारतीच्या सावलीत, जन्मात ऊन न पाहिलेला एक कातळ होता आणि त्यावर शेवाळ, नेचे, दगडफूल यांची दाट वस्ती. काका येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ती दाखवत. "वरच्या मजल्याव दगडफूल, मधी शेवाळ, चिरेत नेचा. कुनाचं कुनाशी भांडान न्हाई. आन् आपली सोसायटी बघ." मे महिन्यात ते कातळावर ओलं गोणपाट घालत, घरात काकू घामाघूम. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मसाल्यासाठी चिमूटभर दगडफूल खरवडलं, तेव्हा काकांनी त्यांना बाजारातून पावशेर आणून दिलं आणि वर दोन महिने अबोला धरला.

नव्वदच्या दशकात घरोघरी स्कूटर आली आणि स्टँडसाठी कातळ फोडायचं ठरलं. सभेत विरोधात एकच हात वर होता. काकांनी अर्जांवर अर्ज केले, चेअरमनच्या दारात जाऊन बसले. शेवटी मी सुचवलं, "काका, सरळ शेंदूर फासा. देवाला कोण हात लावतोय?"

"तेलातला शेंदूर त्यो. खालचं शेवाळ गुदमरंल. मग नुसता दगुड वाचवून काय करू?"

नेमके फोडणारे यायच्या आदल्या दिवशी काकांचे थोरले भाऊ वारले आणि त्यांना गावी जावं लागलं. जाताना "जरा ध्यान ठेव" एवढंच म्हणाले. मला राहवेना. संध्याकाळी मी शेंदूर कालवला, हात पोचेल तिथवर फासला, वर चांदीचे डोळे चिकटवले. सकाळी फोडणाऱ्याने घण खाली ठेवून हात जोडले. चेअरमननी स्वतः नारळ फोडला.

तेरावं उरकून काका आले. मी सगळं कबूल केलं. त्यांनी नखाने थोडा शेंदूर उकरला. खाली शेवाळ काळं पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "मागं अजून हिरवं हाय."

कातळ आणि कुंपणाची भिंत यांच्यातल्या त्या चिंचोळ्या फटीत माझा हात पोचला नव्हता. दुसऱ्या दिवशी काका पाण्याचा तांब्या घेऊन, अंग चोरून तिथे शिरले आणि पुढची पाच वर्षं, गुडघे गेले तरी, शिरतच राहिले. पुढून आरती चालायची, मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. मला त्यांनी एकदाही बोल लावला नाही. लावला असता, तर बरं वाटलं असतं.