मार्थाच्या बाप्तिस्म्याचं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. प्रार्थनेतसुद्धा आडून आडूनच — देवाला काय, ठाऊकच आहे.

माझी बहीण मार्था गेली त्याला वर्ष झालं. ती माझ्या आईच्या पोटची नव्हती. माझी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथून तिनं हे तान्हं लेकरू घरी आणलं. मार्थाला ते माहीत होतं. "टाकून गेली ती, पत्ता न्हाय तिचा," एवढंच आई सांगायची. मार्था आरशात बघून मला विचारायची, "आक्का, माझं नाक कुणावर गेलंय गं?"

पुढं तिचं लग्न ठरलं. चर्चमध्ये लग्न लावायचं तर बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. चर्चची झाडलोट माझ्याकडं, कपाटाची किल्लीही माझ्याकडंच. पाळकांच्या आधी मीच जुनी वही काढली. चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं. मार्था, वय तीन महिने. आईचं नाव गंगू, गाव आजरा. खाली अंगठा.

म्हणजे टाकून गेली नव्हती. उभी राहून, अंगठा उठवून, लेकरू सोपवून गेली होती.

मी ते पान फाडलं. चुलीत घातलं. का? मार्था आजऱ्याला जाईल, मग माझी राहील का — एवढंच डोक्यात होतं. तुम्ही म्हणाल, लहान होतीस. नव्हते. दोन लेकरांची आई होते.

पाळकांनी दोघा वडीलधाऱ्यांची साक्ष घेऊन लग्न लावलं.

नंतर आम्ही दोघी दरवर्षी काजू आणायला आजऱ्याला जायचो. मार्था काजू बघायची. मी काजू सोलणाऱ्या म्हाताऱ्यांची नाकं.

परवा तिची लेक रूथ पुण्याहून आली. आजीचं नाव शोधायला. वही उघडली, पान नाही. मी म्हटलं, "वाळवीनं खाल्लं असंल."

"मावशी, मधलं एकच पान? तुमच्या कोल्हापूरची वाळवी लई चोखंदळ हाय की!"

ती हसली. मीही हसले — या वयात, चर्चमध्ये बसून. मग फाटक्या कडेवरनं बोट फिरवत ती म्हणाली, "आईला लई बघायचं होतं हे."

हे सगळं लिहिलेला हा कागद मी उद्या रूथच्या हातात देणार आहे. मला मावशी म्हणायचं की नाही, ते तिचं ती बघेल. गंगू, आजरा. नाव मी लिहू शकते, गावही. अंगठा मी जाळला.