जुना पेसमेकर आधी जमा करा

पेसमेकरला कोड नव्हता, इथून सगळं सुरू झालं.

तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी वैद्यकीय बिलं बघायचे. कंपनीची स्वतःची योजना होती. कामगार आजारी पडला की हॉस्पिटलचं बिल माझ्या टेबलावर यायचं आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी कोड घालायचे. हर्नियाला कोड, बाळंतपणाला कोड, चष्म्याला कोड. कोड बसला की बिल पास. नाही बसला की कागद मुंबईच्या हेड ऑफिसला, आणि तिथून उत्तर येईपर्यंत माणसाने रामराम म्हणत बसायचं.

आमच्याकडे बॉयलरवर एक काका होते. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले, घरची होडी भावाला देऊन कंपनीत लागलेले. एक दिवस ते बॉयलरपाशी चक्कर येऊन पडले. मुंबईला नेलं तर डॉक्टर म्हणाले, ठोके फार कमी पडताहेत, पेसमेकर बसवावा लागेल. छातीत कातडीखाली बसवायचं ते एक छोटं यंत्र, हृदयाला ढोसून ढोसून चालतं ठेवणारं. बिल आलं आणि मी यादी चाळत बसले. ज्याने ती यादी केली त्या शहाण्याने दाताच्या कवळीला कोड दिला होता, पण हृदयाला काही लावावं लागेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

आमचे साहेब यादीवर बोट फिरवत थांबले आणि म्हणाले, "हे बघा, 'उपकरणे, परत करण्याची'. कुबड्या, चाकाची खुर्ची, कमरेचा पट्टा. यात टाका. याला हेड ऑफिस लागत नाही."

मी म्हटलं, "साहेब, हे परत कसं करणार?"

"तुम्हाला बिल पास करायचंय की वाद घालायचाय?"

बिल पास झालं. काका धडधाकट होऊन परत आले, काकींनी आमच्या ऑफिसला सुकटीची पिशवी पाठवली, साहेबांनी सगळ्यात मोठा वाटा घरी नेला. त्या वेळी मलाही वाटलं, माणूस वाचला ना, मग कोड गेला चुलीत.

पण कोड चुलीत जात नाही. तो स्टोअरमध्ये जातो. परत करण्याच्या वस्तूंची दर मार्चला मोजणी व्हायची. ज्याला जे दिलंय त्याने ते स्टोअरच्या काउंटरवर आणून दाखवायचं आणि स्टोअरकीपरने समोर टिक करायची. कुबड्यावाला कुबड्या घेऊन यायचा, पट्टेवाला पट्टा. आणि काकांना शर्टाची बटणं सोडून उभं राहावं लागायचं. स्टोअरकीपर त्या उंचवट्यावर बोट ठेवायचा, "आहे" म्हणायचा आणि टिक करायचा. मागे रांगेत उभे असलेले लोडिंगवाले भय्ये खिदळायचे, "चाचा, तेरा दिल तो कंपनी का माल है!" काकाही हसायचे. "मंग! मरायला पण गेटपास लागंल मला," म्हणायचे. सगळी रांग हसायची. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जायची. साहेबांना दोनदा सांगितलं, हे थांबवा. ते म्हणाले, "अहो, तो स्वतः हसतोय, तुमच्या का पोटात दुखतंय?"

काही वर्षांनी काकांना पुन्हा चक्कर यायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, यंत्राची बॅटरी संपत आली आहे, लवकरात लवकर नवीन बसवा, उशीर धोक्याचा आहे. काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले. मी लगेच त्याच कोडखाली मागणी लिहिली आणि स्टोअरला पाठवली. संध्याकाळी परत आली. त्यावर शेरा होता: जुना जमा केल्यावर नवीन देण्यात येईल.

स्टोअरचा नियमच होता तो. फाटके गमबूट टाका, नवे घ्या. तुटका हातमोजा द्या, नवा घ्या. लोक नवं घेऊन जुनं बाजारात विकतात म्हणून. गमबुटांसाठी तो बरोबरच होता.

मी स्टोअरमध्ये गेले. म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का? तो छातीत आहे त्यांच्या. एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढतात आणि नवा बसवतात. हॉस्पिटलला आधी मंजुरीचं पत्र लागतं."

स्टोअरकीपर वाईट माणूस नव्हता. घरी दोन मुली, नोकरी जाईल म्हणून सावलीलाही भिणारा. "मॅडम, वस्तू दाखवा, पावती फाडतो," एवढंच म्हणत राहिला. "साहेबांनी कोड बदलून दिला तर मला काय, मी आत्ता सही करतो."

साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "कोड बदलायचा म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या कोडवर चालवलं असं लिहून द्यायचं. ऑडिट तोंडावर आहे, माझं प्रमोशन तोंडावर आहे. तुम्ही हेड ऑफिसला नोट टाका, ते काय म्हणतात बघू."

"तोवर माणूस मेला तर?"

"मॅडम, अशुभ बोलू नका."

अशुभ! मेल्याला प्रमोशन शुभ वाटत होतं. मी नोट टाकली. उत्तर नाही. फोन लावले, ट्रंक कॉलला ताटकळले, तिकडून "फाईल फिरतेय" एवढंच. युनियनच्या पुढाऱ्याला गाठलं, तो म्हणाला बोनसचं मिटू द्या, मग हे घेऊ. काका रोज माझ्या टेबलाशी यायचे, चेहरा फिकट, खुर्चीचा हात धरून उभे. एकदा म्हणाले, "पोरी, मला सांगतात का जुना आधी जमा कर. आता तो काडला तर मी स्टोअरपर्यंत चालत जाईन कसा?" आणि हसले. मी नाही हसले. मी त्यांना म्हटलं, घरी बसा, काम करू नका. ते म्हणाले, घरी बसलं तर खाडा लागतो.

काका घरीच गेले. सकाळी ओट्यावर बसून जाळं शिवताना कलंडले ते उठलेच नाहीत. सरणावर ठेवायच्या आधी कुणीतरी म्हणालं, छातीतलं मशीन आगीत फुटतं, काढून घ्या. पालघरहून एक डॉक्टर आणला, त्याने तिथेच ओट्यावर कातडी चिरून ते काढलं. ज्याच्यासाठी एवढे दिवस अडवून धरलं होतं, ते चुटकीसरशी बाहेर आलं.

दिवसकार्य झाल्यावर काकी कंपनीत आल्या. पांढऱ्या फडक्यात बांधलेला पेसमेकर त्यांनी स्टोअरच्या काउंटरवर ठेवला. मला निरोप आला म्हणून मी धावत गेले. स्टोअरकीपरने फडकं सोडलं, नंबर ताडून पाहिला, पावतीबुक उघडलं. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "चालू आहे की बंद?"

काकी म्हणाल्या, "चालू असता तर मी कशाला आली असती?"

त्याने खाली मान घालून 'बंद' लिहिलं. पावती फाडून दिली. काकींनी ती घेतली, पण हलल्या नाहीत.

"आता नवा द्या."

स्टोअरकीपर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "काकी, अहो..." आणि मला रडू फुटलं.

"रडू नको पोरी. मला ठावं हाय, तो आता कुणाला लागायचा नाय. पण तुमी सांगितलं ना, जुना द्या, नवा घ्या? मी दिला. आता तुमचा सायेब मला नाय म्हणंल ना, तवा मला त्याचं तोंड बघायचं हाय. येवडंच काम हाय माजं."

मी साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, बसवा त्यांना, चहा द्या, मी आलोच. काकी स्टोअरसमोरच्या बाकावर बसल्या. चहाला हातही लावला नाही. दुपारची पाळी सुटली, कामगार जाताना बाकाकडे बघून झपझप पाय उचलत होते. थोड्या वेळाने मी केबिनमध्ये पुन्हा गेले तर खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, साहेब मागच्या गेटने केव्हाच गेले.

मी बाकापाशी आले. काकींनी वर पाहिलं. त्यांना कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"काकी, नवीन मिळणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ, डोळे न हलवता, माझंच तोंड बघायला आल्यासारखं. मग पदर सावरून उठल्या आणि गेटकडे चालू लागल्या.