मामाजींच्या सायकलची कुरकुर

लढाईच्या दिवसांत नवी सायकल डोळ्यांनाही दिसत नव्हती, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, लग्नात मला आपली जुनी सायकल दिली. त्यांची दवनीवाड्याला धानाची शेती होती. मी गोंदियात एका धान्याच्या आडतीवर कारकून. माझी खोली आडतीच्या इतकी जवळ होती की सायकलची मला काहीच गरज नव्हती. पण सासऱ्यांनी दिलेली वस्तू गरजेसाठी नसते. ती वापरात दिसावी लागते.

सायकल कुरकुरायची. मी टांग टाकून बसलो आणि पायडल मारलं की हिचं रडगाणं सुरू. बाजारातले लोक मान वर करून बघायचे आणि मी आहे हे पाहून पुन्हा कामाला लागायचे. आडतीचे शेठ तर वळूनही बघत नसत. "आ गए बाबू," एवढंच म्हणत. उशीर झाल्यावर मागच्या दाराने गुपचूप शिरायची माझी जुनी सोय कायमची बंद झाली.

स्टेशनाजवळच्या मिस्त्रीकडे नेली. "कुछ नहीं बाबूजी, चेन सूखी है," म्हणून त्याने तेल सोडलं. पुढच्या खेपेला त्याने पायडल आवळलं. त्याच्या पुढच्या खेपेला तो उठलासुद्धा नाही. म्हणाला, "पुरानी गाड़ी है, बोलेगी ही." इतकं ज्ञान मिळाल्यावर मी त्याला त्रास देणं सोडलं.

मग शेजाऱ्यांनी जवसाचं तेल सुचवलं. ते चेनवर वाळून डिंकासारखं झालं आणि गोंदियातली बरीचशी धूळ तिथे मुक्कामाला आली. आता पायडल मारायलाही जोर लागू लागला. कुरकुर मात्र खणखणीत राहिली.

"बाबांजवळ होती तेव्हा तिनं कधी आवाज नाही केला," बायको म्हणाली. तिच्या माहेरची कोणतीच वस्तू कधी आवाज करत नसे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

एका रविवारी सायकल घेऊन दवनीवाड्याला गेलो. मामाजी दारातच उभे होते. मी दिसायच्या आधीच त्यांना मी ऐकू आलो होतो.

"काऊन जी जवाईबापू, गाडी काऊन बोंबलून राहिली?"

"तेच विचारायला आलो, मामाजी."

"गाडीत दोष नाही. चालवणाऱ्यात रायते." असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं, सायकल माझ्या हातातून घेतली आणि अंगणाबाहेर काढली. मामाजी ठेंगणे. ते पायडलांवर उभे राहिले आणि उभ्यानेच, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे झुकत, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आले. सायकलने हूं की चूं केलं नाही. सासूबाई ओसरीवरून माझ्याकडे जी नजर टाकत होत्या, ती जावयाला साजेशी नव्हती.

"पायलं? चालवता आली पायजे," मामाजी म्हणाले.

मी पाहिलं होतं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. ते सीटवर बसलेच नव्हते.

"मामाजी, तुम्ही सीटवर कधी बसत नाही का?"

"कायले बसाचं? बसाचंच हाय त घरी खाट हाय."

मी सीटचा नट सैल केला आणि सीटखालची दांडी हलवून पाहिली. जागची हलेना. तिला इतका गंज चढला होता की ती जवळजवळ फ्रेमचाच भाग झाली होती. घरात जपून ठेवलेलं थोडं रॉकेल सासूबाईंनी नाखुशीने दिलं. ते दांडीच्या फटीत सोडलं, मुरू दिलं, आणि मग मी सीट धरली, मामाजींनी फ्रेम धरली आणि आम्ही एकमेकांच्या उलट दिशेने जोर लावला. सासरा-जावयाचं इतकं जमलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दांडी करकरत वर आली. आवाज तोच, माझ्या ओळखीचा; मी सीटवर बसलो की हीच गंजात घासत होती. गंज विटेच्या भुकटीने घासून काढला आणि बैलबंडीच्या आसाचं वंगण फासलं.

दांडी परत घालताना मामाजी बाजूला उभे होते. ते सीटकडे बघत होते, पण मी बघतो असं दिसताच गोठ्याकडे बघू लागले. ही सायकल त्यांनी कितीतरी वर्षं वापरली होती. सीट उंच होती आणि गंजामुळे खाली येत नव्हती. पाय पुरत नाहीत हे गावात कुणाला सांगण्यापेक्षा जन्मभर उभ्याने सायकल चालवणं त्यांना सोपं वाटलं असणार. मी सीट जमेल तितकी खाली सोडली आणि नट आवळला.

"जरा बघता का, मामाजी? आवाज येतो का ते?"

"बघतो," ते म्हणाले, जणू माझ्यावर उपकार करत होते.

ते बसले. दोन्ही पाय पायडलांना टेकले. क्षणभर त्यांना पुढे काय करावं ते सुचेना. मग सायकल हलली, देवळाला वळसा घालून धानाच्या बांध्यांमधल्या वाटेला लागली आणि दिसेनाशी झाली. आम्ही जेवायचे थांबलो. ताटं वाढून झाकून ठेवली. ऊन कलल्यावर ते परत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि हातपाय धुतले.

"मी सांगतलं होतं तसंच हाय," ते म्हणाले. "गाडीत काही दोष नाही."

जेवताना ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "थे सीट अजून बोटभर खाली होते का जी?"

झाली. दुसऱ्या दिवशी मी चहा घेत होतो, तोवर ते सायकलवर बसून शेतावर गेलेही होते. मी सासूबाईंना नमस्कार केला आणि पायीच गोंदियाचा रस्ता धरला.