वैनीच्या फोनचा बंदोबस्त

पाठीवर कंबरेच्या वर रुपयाएवढा पांढरा डाग उठला, तेव्हा मी आधी डॉक्टरकडं गेले नाही, फोनकडं गेले. कोडावर उपाय शोधला, एकदाच. दुसऱ्या दिवसापासून जिकडं बघावं तिकडं मलमांच्या जाहिराती. शाहूपुरीत ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी बुकिंग बघते. एका गिऱ्हाइकाला माझ्या मोबाइलवर गाडीतल्या सीटा दाखवत होते, तर मध्येच उगवलं: अंगावरचे पांढरे डाग घालवा. गिऱ्हाईक सीटा सोडून माझे हात न्याहाळायला लागलं. घरात माझ्या लग्नाचं बघणं चाललेलं, आणि ह्या मेल्या कंपन्या माझा डाग गावभर मिरवत होत्या. अंगाची नुसती आग झाली.

मग मी पेटलेच. आपला माग काढणारे ट्रॅकर अडवणारा ब्राउझर घेतला, ॲपांच्या परवानग्या एकेक करून काढल्या, व्हीपीएन टाकलं. आपण इंटरनेटवर कुठं जातो ते वाटेत कुणाला दिसू नये म्हणून झाकून नेणारा रस्ता, असं मी ऑफिसात सगळ्यांना शिकवत सुटले, कुणी विचारो न विचारो. घरात मात्र हे फक्त वैनीला माहीत होतं, कारण डागच तिला एकटीला माहीत होता. माझा हात पोचायचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी ती मलम लावायची. कुठं एक शब्द बोलली नाही, आईजवळसुद्धा नाही.

आमच्यात सुनेच्या फोनला लॉक नसतं. असा नियम कुणी केलेला नाही. पण वैनीचा फोन दिवसभर फ्रिजवर पडलेला, आई उचलणार, दादा उचलणार, तिची चार वर्षांची पोरगी उचलणार. एकदा तिनं लॉक टाकलं तर आई म्हणाली, लपवायसारखं हाय तरी काय? संध्याकाळपर्यंत लॉक निघालं. माझ्या फोनला लॉक होतं, पण मी पडले लेक.

एक दिवस मलम लावता लावता वैनी हळूच म्हणाली, "वन्सं, तुमचं ते माझ्या फोनवर बी घालून द्या की."

मी बरं म्हटलं, आणि मनात म्हटलं, सापडली! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला वाटलं, बाईचं बाहेर काहीतरी प्रकरण आहे.

रविवारी ती मागं नळावर धुणं धूत होती. मी फोन घेतला आणि सगळ्यात आधी तिनं काय काय शोधलंय ते उघडलं. पुरुष कुठं नव्हता. तांबी किती वर्षं चालते. तांबी बसवलेली नवऱ्याला कळते का. पहिल्या बाळंतपणात रक्त गेलं असेल तर दुसऱ्यात जातं का. हा शेवटचा प्रश्न तिनं सात-आठ वेळा विचारला होता, दर वेळी शब्द थोडे बदलून.

पोरीच्या वेळी वैनी मरता मरता वाचली होती. दादा रक्ताच्या बाटल्यांसाठी गावभर पळत होता. पुढचं जरा विचार करून, असं डॉक्टरीणबाईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. मी तिथंच होते, मला सगळं ठाऊक होतं. तरी मला तिची दया आली नाही, राग आला. दोन वर्षं आई नातवासाठी सोमवार धरतेय, कोडोलीवरनं औषध आणून हिला पाजतेय, आणि ही बया मुकाट्यानं ते पिऊन आम्हाला येड्यात काढतेय!

काम मात्र चोख केलं. शोधलेलं सगळं पुसून टाकलं, ट्रॅकर अडवले, व्हीपीएन चालू केलं. आता जगातल्या कुठल्या कंपनीला वैनीचं काही कळणार नव्हतं. मग स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं.

आई आरडाओरडा करील असं वाटलं होतं. तिनं सरळ शाहूवाडीला वैनीच्या आईला फोन लावला, आणि तीही आपल्याच लेकीला बोल लावायला लागली. चौथ्या दिवशी आई आणि दादा वैनीला दवाखान्यात घेऊन गेले. ह्या वेळी डॉक्टरीण दुसरी होती. तिनं विचारलं, तांबी तुमच्या मर्जीनं काढायची ना? आई शेजारीच उभी होती. वैनी व्हय म्हणाली. परत आल्यावर आईनं हे मला कौतुकानं सांगितलं.

फोन सगळेच उचलायचे, पण आत काय शोधलंय ते उघडून बघणारी घरात मी एकटीच, हे वैनीला कळत नव्हतं असं नाही. त्या संध्याकाळी मलमाची ट्यूब घेऊन ती नेहमीसारखी आली. बोटं थंडगार होती. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाठ पुढं केली, एवढी माझी लाज.

आता तिला सहावा महिना लागलाय. पाय सुजतात, रक्त कमी आहे, डॉक्टर दर खेपेला दादाला बाजूला घेऊन बोलतात. आई पेढ्यांचं दुकान ठरवून मोकळी झाली आहे.

परवा वैनी फोन घेऊन माझ्या खोलीत आली.

"ते काढून टाका, वन्सं. आता झाकायसारखं काय ऱ्हायलं न्हाय."

मी काढलं. दोन मिनिटांचं काम. फोन परत देताना माझ्या तोंडातून कसंबसं निघालं, वैनी, माझं चुकलं. तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. दाराशी पोरगी खेळत होती, तिच्याकडं ती बघत होती.

"मला कमी-जास्त झालं तर पोरगी तुमच्याजवळच वाढंल," ती म्हणाली. "उद्या तिचं काय कळलं, तर पोटात ठेवा."

मी व्हय म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.