तळ्याकाठचा गद्धेगळ

लग्नानंतर मी कराडहून नेरूळला आले तेव्हा आमच्या चार मजली इमारतीत तीनच घरांत माणसं राहत होती. नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. दुपारची पाळी असली की तो जेवून निघायचा, आणि मग दिवसभर मला कुणाशी बोलायचं कारणच पडत नसे. संध्याकाळी घर फारच गप्प वाटू लागलं की मी पेपर मोठ्याने वाचायचे.

मासळी आणायला खाडीकडच्या जुन्या गावात जावं लागे. तिथे तळ्याच्या काठावर एक दगड उभा होता, अर्धा जमिनीत गेलेला. वर सूर्य-चंद्र, मधे कलश, खाली झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. पिशवी खाली ठेवून मी अक्षरांवरून डोळे फिरवू लागले.

शेजारी साठीची एक बाई चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बसायची. तिने विचारलं, "काय वाचतेस गो बाय?"

"अक्षरं आहेत, मावशी. फार जुनी असणार."

"गद्धेगळ हाय तो. खाली गाढव हाय नि बाईमानूस. वंगाल काम. म्हनून पुरलाय. हात नाय लावायचा."

दुसऱ्या दिवशी मी परत गेले, तिसऱ्या दिवशीही. तिने टोपली सरकवून मला जागा करून दिली. ती भातखाचरांचं सांगायची, मिठागरात अनवाणी काम करून भेगाळलेले पाय दाखवायची. मी कराडचं सांगायचे. महिन्याभरात त्या वस्तीत माझं बोलणं झालं ते बहुतेक तिच्याशीच.

मग मी एक पातळ कागद नेला. दगडावर धरून वरून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात, हे कॉलेजात शिकले होते. खाडीचा वारा कागद उडवू लागला तेव्हा हात लावू नको म्हणणारीनेच दोन कोपरे दगडावर दाबून धरले.

तो कागद मी माझ्या सरांना पाठवला. त्यांचं सविस्तर उत्तर आलं. सगळं वाचता येत नाही, पण दगड शिलाहारांच्या काळातला, सात-आठशे वर्षांपूर्वीचा दिसतो. या गावची जमीन कुणीतरी देवाला दिली होती. सूर्य-चंद्र असेपर्यंत ते दान चालावं, आणि जो ते मोडेल त्याला शाप. खालचं चित्र म्हणजे त्याच्या आईला दिलेली शिवी.

पत्र घेऊन मी जवळजवळ धावतच तळ्यावर गेले. वाचून दाखवलं. चिंबोरीच्या नांग्या बांधता बांधता तिचे हात थांबले.

"आठशे वरसं? आमचा गाव?"

"हो."

"जमीन मोजायला आलेला सरकारचा साहेब बोललेला, हितं काय हाय, नुस्ता चिखल." चिंबोरी टोपलीत टाकत ती म्हणाली, "मंग आमची जमीन घेतली त्यांना लागला का शाप?"

मी पत्राची घडी घातली.

"तुमची बिल्डिंग हाय ना, ती आमच्या खाचरावर," ती म्हणाली. रागाने नाही, पत्ता सांगावा तशी.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या बाजूला फिरकले नाही. मासळीवाचून चालवलं. खिडकीतून खाली पाहिलं की भात कुठवर उभं राहत असेल याचा अंदाज घ्यायचे, आणि पडदा ओढायचे.

एका सकाळी दारावर थाप पडली. मावशीच होती, पहिल्यांदाच आमच्या घरी आलेली. तळ्याच्या काठाने नवा रस्ता निघाला होता, दगड त्यात जाणार होता. गावाने रात्रीतून ठराव करून दगड उपटला आणि देवळामागे नेला. "चल, ते पत्र घे," ती म्हणाली. उंबरा काही तिने ओलांडला नाही.

देवळामागे तीस-चाळीस माणसं होती. दगडाचा खालचा भाग बायकांनी लुगड्याने गुंडाळला होता. मी पत्र वाचू लागले. दानाचं वाचलं, सूर्य-चंद्राचं वाचलं, आणि शापाशी येऊन थांबले.

"वाच गो," मावशी म्हणाली. "सगला वाच."

मी वाचलं. एका म्हाताऱ्याने मान हलवली, कुणीतरी नारळ फोडला, आणि लोक आपापल्या कामाला लागले. मावशीने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि ती सुनेबरोबर घरी गेली.

मी खोबरं तोंडात टाकलं. मग खडी टाकलेल्या नव्या रस्त्याने परत निघाले.